कार्ड क्रमांक चारशे एकोणीस

केबिन सोमवारपर्यंत रिकामी करायची आहे.
नव्या मॅडमना खिडकीची जागा हवीय, मोरांसाठी.
मोर आता या बाजूला फिरकत नाहीत,
हे मी अजून सांगितलेलं नाही.

कपाटावरून खोकं उतरवलं. चपलांचं, नऊ नंबर.
आत बाराशे कार्डं. प्रत्येकावर दुखण्याचा एक शब्द,
कोण म्हणालं, कुठल्या गावी, कुठल्या अवयवावर हात ठेवून.
ठणका. कळ. तिडीक. उसण. भगभग.
पोटात कालवल्यागत. गुडघ्यात बी फुटल्यागत.
मगदूम सर म्हणाले होते, हे भाषावाल्यांना देऊन टाका,
आपल्याकडे सिद्धांत लागतो.
मग मी सिद्धांत आणला, झेरॉक्सवर झेरॉक्स होऊन आलेला,
कडेनं काळा पडलेला,
आणि शब्द त्याच्या खाली टाचणीनं लावत गेले.

शिरोलीला, फौंड्रीच्या मागच्या चाळीत,
फुलाक्का आवळे नवऱ्याला भिंतीला टेकवून बसवायची.
आडवा केला की त्याचा श्वास अडायचा.
मोल्डिंगला होता, सोळा वर्षं.
कसं होतंय, मी विचारलं.
तो बराच वेळ माझ्या पेनाकडे बघत राहिला.
म्हणाला, छातीत कोन तरी वाळू चाळतंय बाई.

परतीच्या केएमटीत उभ्यानं येताना
मी खूश होते. असं वाक्य रोज मिळत नाही.
हे कार्ड चारशे एकोणीस.
खुशीची नोंद त्यावर नाही.

'डागदरीण हाईस न्हवं?' फुलाक्कानं विचारलं होतं.
हो, पण तसली नाही.
'मग कसली?'
याचं उत्तर आता माझ्याकडे आहे, तीन परिच्छेदांचं.
प्रमोशनच्या फॉर्मवर दर वेळी उपयोगी पडलं.

दोन महिन्यांनी गेले तर भिंत मोकळी.
सीपीआरच्या कागदावर टीबी. माझ्या वहीत वाळू.
भरपाईच्या ऑफिसात कागद चालतो, वाक्य चालत नाही,
आणि मी तरी कुठे कुणाला वही दाखवली?
ती निबंधात दाखवली.
वाळू शीर्षकात आली, मी रीडर झाले.

छापून आला तेव्हा एक प्रत तिला नेऊन दिली.
इंग्रजीतली. दुसरी नव्हतीच.
तिनं हात पदराला पुसले, अंक कपाळाला लावला,
आणि विचारलं, 'ह्यात त्येंचं नाव हाय?'
नव्हतं. आमच्यात नाव झाकायची रीत आहे,
माणसाला त्रास होऊ नये म्हणून. मी त्याला 'क' म्हटलं होतं.
तिच्यातही रीत होती. ती 'आमचं मालक' म्हणायची,
नाव कधी घेतलं नाही.
दोन रितींच्या मधून
सोळा वर्षं भट्टीपाशी उभा राहिलेला माणूस
बिनबोभाट निघून गेला.

गेल्या पावसाळ्यात माझा गुडघा सुजला.
इंटर्न पोरगी म्हणाली, मॅडम, एक ते दहामध्ये किती?
सहा, मी म्हणाले.
तिनं लिहून घेतलं आणि पुढचा पेशंट बोलावला.
बाराशे कार्डं, आणि सहा.

अश्पाक मुजावर खालच्या मजल्यावर
सगळी कार्डं कॉम्प्युटरात भरतोय.
पोरगा नीट आहे, शुद्धलेखनसुद्धा सुधारत नाही.
मघाशी वर आला, हातात एकच कार्ड.
मॅडम, चारशे एकोणीसला नावाचा रकाना कोरा आहे,
'क' ठेवू का?

मी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.
थांब जरा, म्हटलं.
शिरोलीची गाडी आता कुठून सुटते, तेवढं विचारून ये.